क्लेम झोपला असताना दिलेलं मत

१४, थ्रॉस्टल टेरेस, हॅदरशॉ
गुरुवार, २३ एप्रिल १९९२

आदरणीय सिरिल यांना,

पर्सीचा मनापासून नमस्कार. (डॉर्कस म्हणते, बायकोच्या सख्ख्या भावाला कुणी असं साहेबाकडे अर्ज केल्यासारखं लिहितं का. पण तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, त्यात बँकेत मॅनेजर होतात. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून गालिच्यांच्या गिरणीत रंगाच्या हौदावर उभा राहिलो. तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.) नाताळात तुमचं पत्र आलं, मेपलच्या पाकाचा डबा आला, कॅनडातल्या तळ्यांचं कॅलेंडर आलं, आणि मी उत्तर लिहायला बसतोय तो एप्रिल संपत आल्यावर. याची मला लाज वाटते. जानेवारीत कागद काढला होता, पण तेव्हा डाव्या गुडघ्यात पाणी झालं. फेब्रुवारीत गुडघा एकदम बरा झाला, आणि तो इतका एकदम बरा का झाला या काळजीत तो महिना गेला. मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डॉर्कसच्या पक्षाची पत्रकं, पाकिटं आणि कोटाला लावायची लाल फितींची फुलं यांच्यामुळे बशी ठेवायलासुद्धा जागा उरली नाही, मग कागद कुठे ठेवणार. तेव्हा माफ करा.

तुमचा रक्तदाब कसा आहे? एल्सीबाईंची कंबर? तुमच्या अंगणातला बर्फ गेला का, आणि तुम्ही स्वतः फावडं हातात घेत नाही ना? इथे वरच्या आळीतले एक गृहस्थ, तुमच्याच वयाचे, फावड्याला नुसते टेकून उभे होते, बर्फसुद्धा नव्हता, आणि गेले. मी तुम्हाला घाबरवत नाही, फक्त कळवतोय.

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात आलंच असेल की इथे सगळ्यांचे अंदाज चुकवून हुजूर पक्ष पुन्हा निवडून आला. तुमच्याकडे ती चार ओळींची बातमी असेल. आमच्या घरात ती पंधरा दिवस चालू आहे आणि अजून तिचा शेवट दिसत नाही.

क्लेम स्टॅनिफोर्थ तुम्हाला आठवत असेल. आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतो, रेल्वेत सिग्नलवाला होता, लग्न केलं नाही, बूट पुसल्याशिवाय कचऱ्याचा डबादेखील बाहेर नेत नाही. (मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा दूध आधी ओतावं की चहा, यावर ज्यानं तुम्हाला पाऊण तास उभं केलं होतं, तो.) तो पक्का हुजूर आणि मी पक्का मजूर. चौसष्ट सालच्या मतदानाच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता. आम्ही दोघं आपापल्या दारात छत्री घेऊन उभे असताना क्लेमच्या लक्षात आलं की त्याचं मत माझं मत खाणार आणि माझं त्याचं, मग दोघांनी भिजायचं कशाला? तेव्हापासून आमचा करार आहे की दोघांनीही मत द्यायचं नाही. पण करार म्हटला की तो पाळला जातोय की नाही हे बघणं आलंच. म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी सातला एकानं दुसऱ्याच्या घरी जायचं आणि रात्री दहाला मतदान संपेपर्यंत समोरासमोर बसायचं, एका निवडणुकीला त्याच्या घरी, पुढच्या निवडणुकीला माझ्या. एकट्यानं उठायची मुभा फक्त संडासापुरती, पाच मिनिटं. (त्र्याऐंशी साली माझ्या प्रकृतीचा विचार करून ती दहा केली. क्लेम घड्याळ लावायचा, पण ते मला दिसेल असं ठेवायचा नाही, इतका सभ्यपणा त्याच्यात आहे.) चौऱ्याहत्तर साली एकाच वर्षात दोनदा निवडणूक आली, तेव्हा दुसऱ्या खेपेला बोलायला काही उरलंच नव्हतं म्हणून आम्ही पडद्यावरची फुलं मोजली, आणि त्याची बेरीज आणि माझी बेरीज जुळली नाही यावर संध्याकाळ निघाली. तरी खरं सांगायचं तर मला त्या दिवसाची ओढ असायची. एकतीस वर्षं शेजारी राहून एरवी आम्ही कुंपणावरून हवेबद्दल बोलतो आणि आत जातो. सलग पंधरा तास एकमेकांसमोर बसणं चार-पाच वर्षांतून एकदाच व्हायचं. सरकार लवकर पडावं असं पुष्कळदा माझ्या मनात येई, पण त्यामागे राजकारण नसे.

डॉर्कसला हे कधीच पसंत नव्हतं. ती मजूर पक्षाची आमच्या वॉर्डातली चिटणीस. तिच्या मते करारानं क्लेमचं एक मत वाया जातं हे खरं, पण क्लेमला एरवीही मत द्यायला जायचा कंटाळा होता, तेव्हा फसलो एकटा मीच. अठ्ठावीस वर्षं ती हे मला समजावते आहे आणि अठ्ठावीस वर्षं मी मान डोलावतो आहे.

यंदा पाळी क्लेमच्या घराची होती. सगळी वर्तमानपत्रं, टीव्हीवरचे सगळे जाणकार आणि आमचा खाटीक, सगळ्यांनी सांगितलं होतं की यंदा मजूर पक्ष येणार. हॅदरशॉची जागा तर हजारोंनी येणार, असं डॉर्कसच्या लोकांचं गणित होतं. क्लेम सकाळी सातला दार उघडायला आला तोच मुळी पडलेल्या चेहऱ्यानं. दुपारपर्यंत तो दोनच वाक्यं बोलला. एक चहा कडू झाल्याबद्दल. दुसरं बऱ्याच वेळानं, खिडकीकडे बघत, की पर्सी, पुढच्या निवडणुकीला आपल्यातला कोण कुणाच्या घरी बसणार कोण जाणे. (गेल्या हिवाळ्यात त्याला दोनदा इस्पितळात ठेवलं होतं. ते मी तुम्हाला कळवलं नाही कारण तेव्हा माझा गुडघा चालू होता.) दुपारी थंड हॅम आणि लोणच्यातलं बीट खाल्लं आणि क्लेम खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. आधीच्या आठ निवडणुकांत तो कधीही झोपला नव्हता, म्हणून मला वाटलं गेला. मी नाकासमोर चमचा धरला. चमच्यावर वाफ आली. मग खाली बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. तोंड उघडं, टाय नीट बांधलेला, कोटाला हुजूर पक्षाचं निळ्या फितीचं फूल, जे तो घरातल्या घरात, कुणी बघायला नसताना, दर निवडणुकीला लावून बसतो.

आणि सिरिल, मला त्याची दया आली. सगळा अनर्थ इथून सुरू झाला. मी असा विचार केला की आपण जिंकणारच आहोत, तेही हजारोंनी. या बिचाऱ्याच्या पक्षाला एक मत गेल्यानं आपलं काही कमी होत नाही. आणि करार मोडतो का, तर शब्द मोडतो, पण भाव मोडत नाही, कारण कराराचा भाव असा की एकानं दुसऱ्याला फसवून आपला फायदा करून घेऊ नये, आणि मी तर फायदा त्याचाच करणार. (हा विचार तेव्हा मला फार पक्का वाटला होता. आता कागदावर उतरवताना त्यात कुठे कुठे भोकं दिसताहेत.) त्याला कधी सांगायचं नाही, आपल्या मनात ठेवायचं, आणि पुढेमागे तो गेलाच तर दफनाच्या वेळी आपल्याला बरं वाटेल. मी बूट हातात घेतले, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि समोरच्या बालशाळेत गेलो. एकशे वीस पावलं आहेत. मत द्यायला आत लाकडी खण केलेले असतात आणि प्रत्येक खणात एक पेन्सिल सुतळीनं बांधलेली असते. अख्ख्या देशाचं सरकार ठरवायला सांगतात आणि पेन्सिलीच्या बाबतीत माणसावर विश्वास नाही. इतक्या वर्षांनी ती हातात घेतली. हुजूर पक्षाच्या नावापुढे फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. कपाळावर वीज पडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, एका बाईनं आभार मानले.

चूक झाली ती फाटकाशी. तिथे दोन्ही पक्षांची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात आणि मत देऊन येणाऱ्याला त्याचा यादीतला क्रमांक विचारतात. मत कुणाला दिलं ते विचारत नाहीत, फक्त क्रमांक. तो आकडा पक्षाच्या खोलीवर जातो, तिथे यादीत त्या नावापुढे खूण होते, आणि ज्यांच्यापुढे खूण नाही त्यांना घरातून उठवून आणायला गाडी जाते. क्रमांक सांगायची सक्ती नसते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी डॉर्कसच्या पक्षातल्या, लाल फूल लावलेल्या मिस टॉर्डॉफनी पेन्सिल सरसावली आणि मी सांगून टाकला. गिरणीत पन्नास वर्षं काढली आहेत, यादी घेऊन बसलेल्या माणसानं विचारलं की माझा आकडा तोंडातून आपोआप बाहेर येतो. मी परत आलो तेव्हा क्लेम झोपलेलाच होता. चार वाजता उठला आणि म्हणाला, डोळा लागला वाटतं, तू इथेच होतास ना. मी म्हणालो, मी कुठे जाणार. हे एक खोटं मी त्याच्याशी बोललो, ते लिहून ठेवतो. रात्री दहाला नेहमीप्रमाणे हात मिळवला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते जगाला माहीत आहे. आमच्या हॅदरशॉत मात्र शुक्रवारी दुपारपर्यंत मोजणी चालली. तीनदा मोजलं. मजूर पक्ष दोन मतांनी हरला. दोनशे नव्हे, दोन. डॉर्कस टाउन हॉलवरून घरी आली, टोपी न काढता खुर्चीत बसली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती. मी तिला चहा नेऊन दिला तेव्हा अर्धा बशीत आला. तिला वाटलं मला दुःख झालंय. दुःख झालंच होतं.

त्यानंतरचे दिवस फार चमत्कारिक गेले. आमच्या या गावात वीस-बावीस हजार लोकांनी हुजूर पक्षाला मत दिलं, हे सरकारी कागदावर आहे, पण त्यातला एकही माणूस कुणाला अजून भेटलेला नाही. खाटीक म्हणतो, ही टेकडीवरच्या लोकांची कामं. टेकडीवरचे म्हणतात, नवीन बंगल्यांतले. नवीन बंगल्यांतले म्हणतात, आम्ही तर येऊन दोन वर्षंच झाली, आम्हाला कशाला मध्ये घेता. आमच्या थ्रॉस्टल टेरेसवर उघड हुजूर म्हणून एकटा क्लेम, आणि त्यानं तर मतच दिलेलं नाही, याला साक्षीदार मी. वर्तमानपत्रात एका प्राध्यापकानं लिहिलंय की अंदाज चुकले कारण लोक विचारणाऱ्यांशी खोटं बोलले. मला आधीच्या आठवड्यात बाजारात एका मुलीनं पाटीवर कागद लावून विचारलं होतं आणि मी मजूर असं सांगितलं होतं. त्या दिवशी ते अगदी खरं होतं. पण त्या मुलीनं माझं वय लिहून घेतलंय, आणि देशाला फसवणाऱ्या लोकांची यादी कधी काढली तर तीत मी आहे, या विचारानं मला जेवण जात नाही.

शनिवारी मिस टॉर्डॉफच्या घरी पक्षाच्या लोकांचा पडलेल्या मनानं चहा झाला. डॉर्कसनं मलाही नेलं. मी बिस्किट उचललं तेवढ्यात मिस टॉर्डॉफ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की या काळ्या दिवशीसुद्धा एक गोष्ट अभिमानाची आहे, अठ्ठावीस वर्षांत ज्यांनी मत दिलं नाही ते आपले पर्सी हेलिवेल यंदा शेजाऱ्याची नजर चुकवून, गुडघा दुखत असताना, केंद्रावर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे कामगार रडले. डॉर्कसनं सगळ्यांसमोर माझ्या गालाचा मुका घेतला. (शेवटचा तिनं सगळ्यांसमोर घेतला तो राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, आणि तो गर्दीत चुकून.) घरी आल्यावर तिनं माझ्यासाठी मटणाच्या गुर्द्याचा, वर पिठाचं झाकण घालून भाजलेला 'पाय' केला. मी तो सगळा खाल्ला. प्रत्येक घास घशात उतरताना मला ओळखत होता.

आणि त्याच संध्याकाळी तिनं कुंपणावरून क्लेमला सांगितलं. तो बिचारा विजयाच्या आनंदात गुलाबांची छाटणी करत होता. डॉर्कस म्हणाली, "क्लेम, यंदा तुमची युक्ती फसली बरं का. तुम्ही घोरत होतात आणि आमचा पर्सी मत देऊन आला." क्लेमनं कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत होतो, मागे सरकलो, आणि सरकलो तेच त्याला उत्तर वाटलं असणार. तो आत गेला, आणि दार लावताना आवाज केला नाही, हे वाईट लक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर एक शिडी, एक कुंपण कापायची कात्री, माती चाळायची चाळण, कोळसे उचलायचा चिमटा आणि डाव्या पायाचा एक रबरी बूट, असं आमच्याकडून नेलेलं सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलेलं होतं. शिडी आम्ही त्याला एकाहत्तर साली दिली होती. आता ती उसनी होती हे तिघेही विसरलो होतो, मी माझी शिडी हवी तेव्हा त्याच्याकडे मागायला जायचो.

रविवारचं जेवण तो आमच्याकडे जेवतो, तसा आलाच. त्याचं म्हणणं, आमंत्रण डॉर्कसचं आहे आणि डॉर्कसनं त्याला काही फसवलेलं नाही. पण माझ्याशी बोलणं नाही. "डॉर्कसबाई, तुमच्या यजमानांकडे रस्सा आहे, तो इकडे येईल का?" असं म्हणायचं, आणि रस्सा माझ्या हातातून घेताना नजर भिंतीवरच्या तुमच्या तळ्यांच्या कॅलेंडरवर. मीही मग डॉर्कसमार्फत बटाटे मागितले. डॉर्कसला या सगळ्याची फार गंमत वाटत होती. तिला वाटतं मी तिच्यासाठी, पक्षासाठी, मैत्री पणाला लावली.

ते सहन होईना म्हणून गुड फ्रायडेला मी त्याला मळ्यात गाठलं. त्या दिवशी सगळं गाव पालिकेच्या मळ्यात आपापल्या तुकड्यात बटाटे लावतं, तेव्हा तो तिथे असणार हे नक्की होतं. क्लेम सुतळी ताणून सरी काढत होता. मी त्याच्या सरीच्या टोकाशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, चमच्यापासून फुलीपर्यंत. त्यानं चार बटाटे लावले. मग विचारलं, "म्हणजे तू माझ्या पक्षाला मत दिलंस." मी हो म्हणालो. "माझी कीव आली म्हणून." मी म्हणालो, तसं नाही, तू झोपला होतास. तो म्हणाला की पर्सी, हे बघ, एक तर तू तुझ्या पक्षाला मत दिलंस आणि आता खोटं बोलतोयस, नाहीतर माझ्या पक्षाला दिलंस आणि मग आम्ही जिंकलो ते तुझ्या दयेवर, यातलं मला काय आवडेल असं तुला वाटतं? मी म्हणालो, दुसरं खरं आहे. त्यानं आणखी दोन बटाटे लावले, कंबर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हेच डॉर्कसबाईंसमोर बोलून दाखव. खोटं असेल तर तू ते तिच्यासमोर कधीच बोलणार नाहीस. बोललास तर मी मानीन, आणि शिडी परत नेईन."

तो माणूस मला किती चांगला ओळखतो बघा.

मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तिच्या हातात पावाची सुरी होती. दुसऱ्यांदा ती पराभूत उमेदवाराला सांत्वनाचं पत्र लिहीत होती आणि 'विश्वासू' हा शब्द नीट लिहिलाय का म्हणून मलाच विचारलं. तिसऱ्यांदा मी सुरुवात केलीच होती, डॉर्कस, त्या दिवशी मी, इतकं बोललोही होतो, तर ती म्हणाली, माहीत आहे, आणि माझा हात थोपटला.

त्यातून भर म्हणजे ती मतदानाच्या दिवशीची यादी घेऊन घरोघर हिंडत होती. ज्यांच्या नावापुढे खूण नाही, म्हणजे आपली माणसं असून जी मत द्यायला आलीच नाहीत, त्यांच्या दारात उभं राहून ती विचारायची, दोन मतांनी गेलो, तुम्ही कुठे होतात? आधी लांबच्या आळ्या घेतल्या. मिल स्ट्रीटवरच्या एका माणसानं तर पुढच्या निवडणुकीत दोनदा मत देईन असं कबूल केलं. आमची थ्रॉस्टल टेरेस तिनं शेवटी ठेवली होती. परवा मंगळवारी सकाळी टोपी घालून, यादी काढून दारात उभी राहिली, आमच्या रस्त्याचं पान उलटलं, आणि टोपी काढून आत येऊन बसली. तेव्हापासून गप्प आहे. यादीचं नाव काढत नाही, टीव्ही लावत नाही, मला पाहिलं की भांडी घासायला लागते. मी तुम्हाला सांगतो सिरिल, तिला कळलंय. कुणीतरी बोललं असणार, नाहीतर क्लेमनंच सांगितलं. ती मला तोंडावर विचारत नाही हेच भयंकर आहे. बत्तीस साली तुमची आई तुमच्या वडिलांशी अशीच अकरा दिवस बोलली नव्हती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि मग तुमच्या वडिलांचं काय झालं तेही.

तर अशी परिस्थिती आहे. बाकी इथे सगळे खुशाल. एल्सीबाईंना आणि नातवंडांना आमचा आशीर्वाद. तुमच्या प्रकृतीबद्दल ताबडतोब चार ओळी लिहा, मला काळजी लागून राहते.

तुमचा आज्ञाधारक,
पर्सी हेलिवेल

ता. क. : एक लहानशी विनंती आहे. मला हे तोंडानं सांगणं होणार नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा तुम्ही डॉर्कसला पत्र लिहावं आणि त्यात मध्येच कुठेतरी, सहज, लिहून टाकावं की पर्सीनं त्या दिवशी क्लेमच्या पक्षाला मत दिलं असं त्यानं मला कळवलंय. तुमची पत्रं ती रविवारी जेवण झाल्यावर, पुडिंगबरोबर, मोठ्यानं वाचते. क्लेम तेव्हा समोर असतो. (तुमच्याकडचं तापमान ऐकायला त्याला आवडतं.) म्हणजे तिला कळेल, त्याच्यासमोर कळेल, आणि मी एक शब्दही बोललेलो नसेन. तुम्ही तिकडे समुद्रापलीकडे आहात, तुमच्यापर्यंत काही फेकून पोचत नाही.

ता. क. दुसरा : ते वाक्य बर्फाच्या नंतर आणि नातवंडांच्या आधी घालावं. नातवंडांचं वाचायला मिळेल म्हणून ती तिथे फार थांबणार नाही. मी दाराजवळच्या खुर्चीत बसेन.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आज शुक्रवार. सकाळी डॉर्कसनं ती यादी माझ्या हातात दिली आणि मागच्या अंगणात नेऊन जाळ म्हणाली, माझ्याकडे न बघता. जाळण्याआधी मी आमच्या रस्त्याचं पान बघितलं. काय लिहून ठेवलंय माझ्याबद्दल, एवढंच बघायचं होतं. माझ्या नावापुढे खूण आहे, मिस टॉर्डॉफची, जाड. माझ्या वरचं नाव हेलिवेल, डॉर्कस. त्यापुढे खूण नाही. मला आधी वाटलं, बायकांची नजरचूक. मग पायरीवर बसून विचार केला. ती त्या दिवशी पहाटे सहाला घरातून गेली. सतरा माणसांना गाडीतून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, त्यात दोघं चाकाच्या खुर्चीतली आणि एक स्वतःचं नावही विसरलेली. सतराही वेळा स्वतः गाडी चालू ठेवून बाहेर बसली. शेवटचीला आत सोडलं तेव्हा दहाला चार मिनिटं होती. ती स्वतः आत कधी गेली असेल, हे मी पायरीवर बसून बराच वेळ शोधत होतो. मला सापडलं नाही. तिलाही मंगळवारी सापडलं नसणार.

दोन मतांचा हिशेबही केला. मी गेलो नसतो तर एकानं हरलो असतो. त्यात ती गेली असती तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की चिठ्ठ्या टाकतात म्हणे. गणित माझं कच्चं आहे म्हणून तीनदा केलं, तिन्ही वेळा आमच्याच घरातून बाहेर पडलं.

यादी मी जाळली. राखही ढवळली. तिला मी काही विचारलं नाही आणि विचारणार नाही, तुम्हीही तिला यातलं अक्षर लिहू नका, ही विनंती वरच्या विनंतीपेक्षा मोठी समजा. पण वरची मात्र आहे तशी ठेवा. किंबहुना ते वाक्य नातवंडांच्या आधी नको, पत्राच्या अगदी सुरुवातीलाच टाका, मोठ्या अक्षरात. तीन दिवस ती मनातल्या मनात स्वतःवर ओरडते आहे आणि तिला त्याची सवय नाही. सवय आहे ती माझ्यावर ओरडायची. एकदा मनसोक्त ओरडली, हॅदरशॉची जागा माझ्यामुळे गेली असं क्लेमसमोर म्हणाली, की तिच्या डोक्यावरचं उतरेल. मी दाराजवळ बसणार नाही, टेबलाशीच बसेन.

लवकर लिहा, सिरिल. विमानाच्या टपालाला आठ दिवस लागतात, म्हणजे दहा मेच्या रविवारपर्यंत पोचायला हवं. आज सकाळी तिनं माझ्या चहात मीठ घातलं आणि मी तो काही न बोलता प्यालो, तरी तिच्या ते लक्षात आलं नाही.